उन्हातली भातुकली

आमच्या नगरपालिकेच्या नगररचना विभागात एक टेबल तिरकं होतं. चुकून सरकलेलं नव्हतं, मुद्दाम तसं ठेवलेलं होतं. इमारत बांधणाऱ्याने ती रस्त्याला धरून बांधली होती आणि रस्त्याचं उत्तरेशी काही पटत नव्हतं. नानांना मात्र नकाशा पसरला की त्यावरची उत्तर खरोखरच्या उत्तरेला हवी असे. म्हणून टेबल तिरकं, खुर्ची तिरकी आणि समोर येऊन बसणारा माणूसही तिरका. नवे मुख्याधिकारी आले की पहिल्या आठवड्यातच त्यांचा गुडघा त्या टेबलाच्या कोपऱ्यावर आपटायचा. मग शिपायाला बोलावून टेबल सरळ केलं जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल पुन्हा तिरकं असायचं. असं दोन-तीनदा झालं की साहेबच वळसा घालून यायला शिकायचे.

मी त्या विभागात आरेखक म्हणून लागलो तेव्हा पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार असावा. गाव पाचोरा-चाळीसगाव पट्ट्यातलं. कापसाचा पैसा, नोकरदारांचे पगार आणि बँकांची कर्जं असं सगळं एकदम गावात येऊ लागलं होतं आणि गावाबाहेरची शेतं भराभर प्लॉट होत चालली होती. अशा प्रत्येक ले-आउटचा नकाशा आमच्याकडे तपासणीला यायचा. नानांचा अहवाल गेल्याशिवाय फाइल पुढे जळगावला सरकत नसे. हुद्द्याने ते आमचे साहेब, पण साहेब म्हटलं की ते मागे वळून कोण आलं ते बघायचे. त्यामुळे शिपायापासून नगराध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणत.

नाना मूळचे धुळ्याकडचे. उंच, वाळलेले, मानेवर सदा ओला पंचा. शर्टाच्या खिशात पेन आणि पँटच्या खिशात कांदा. आमच्याकडे उन्हाळ्यात ऊन लागू नये म्हणून म्हातारीकोतारी माणसं खिशात कांदा ठेवतातच, पण नाना तो बारा महिने ठेवायचे. ऊन काय तारीख बघून लागतं का, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याशी हात मिळवून गेलेले प्लॉटवाले दलाल बाहेर गेल्यावर हळूच हाताचा वास घेताना मी पाहिलेत.

त्यांची नकाशा तपासण्याची पद्धत मी दुसऱ्या कुठल्या कार्यालयात पाहिली नाही. अर्जदाराला आणि त्याच्या आर्किटेक्टला समोर बसवायचं. कागदाच्या पुडीतून फुटाणे काढायचे आणि नकाशावरच्या प्रत्येक प्लॉटवर एकेक फुटाणा ठेवायचा. मग चर्चा सुरू. एखादा प्लॉट नाल्यात गेलेला असला, एखाद्याला रस्ताच नसला, की नाना बोलता बोलता तो फुटाणा उचलून तोंडात टाकायचे. बस्स. त्या प्लॉटचा निकाल लागला. समोरचा माणूस बिचारा नानांच्या बोटांकडे बघत बसायचा. एका दलालाचे एका बैठकीत इतके प्लॉट खाल्ले गेले की तो शेवटी हात जोडून म्हणाला, नाना, तुम्ही आज घरून जेवून नाही आलात का. नानांनी त्याला उरलेल्यातला एक फुटाणा दिला आणि तुमचा तुम्हीच खा म्हणाले.

पण फुटाणे म्हणजे नुसती सुरुवात. नानांचा नकाशावर विश्वास असा कधी नव्हताच. "नकाशात ऊन पडत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. आम्ही नवशिके ते ऐकून एकमेकांना कोपराने ढोसायचो. आमचं वैशाखातलं ऊन ज्याने अंगावर घेतलंय त्याला मात्र त्या वाक्यात हसण्यासारखं काही नाही हे मला नंतर कळलं.

नियमाप्रमाणे प्रत्येक ले-आउटच्या जागेची पाहणी करायची असते. इतर ठिकाणी पाहणी म्हणजे जीपमधून जायचं, कमरेवर हात ठेवून चौफेर बघायचं, अर्जदाराने मागवलेला उसाचा रस प्यायचा आणि परत यायचं. नानांची पाहणी म्हणजे दिवसभराचा कार्यक्रम. ज्याचा प्रस्ताव असेल त्याने आधी शेतात फक्की मारायची, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या पुडीने नकाशा जमिनीवर पूर्ण मापात आखायचा. प्रत्येक प्लॉट, प्रत्येक रस्ता, नियमाने सोडायची मोकळी जागा, सगळं. मग ज्यांनी प्लॉट घेतलेत त्यांनी बायकोपोरांसह यायचं. येताना डबा, पाण्याचा माठ आणि बसायला चटई आणायची. आपापल्या रेघांच्या आत बसायचं आणि सकाळपासून दुपार कलेपर्यंत तिथे राहायचं.

राहायचं म्हणजे राहायचं. शेजाऱ्याकडे जायचं तर रस्त्याने जायचं. कुणी रेघ ओलांडून सरळ पलीकडे गेलं की लांबून नानांची हाक यायची, अहो, भिंतीतून कुठे चाललात, दारातून या. लोक आधी ओशाळायचे, मग हसायचे आणि तासाभरात खरंच दारातून ये-जा करायला लागायचे. बायका चटईवर बसून स्वयंपाकघर कुठे नि मोरी कुठे यावर नवऱ्याशी भांडायच्या. पोरं रस्त्यावर खेळायची. बातमी लागली की गोळेवालाही गाडी घेऊन हजर व्हायचा. गावातले बिल्डर या सगळ्याला नानांची भातुकली म्हणायचे आणि टिंगल करायचे, पण शिफारस हवी म्हणून मुकाट्याने फक्की मारायचे.

नाना काय करायचे? काही नाही. एका बाजूला छत्री उघडून बसायचे आणि लोकांचे पाय कुठे जातात तेवढं बघायचे. ऊन चढलं की माणसं आपसूक आपापल्या रेघांमधून उठायची आणि जिथे बरं वाटेल तिथे जाऊन टेकायची. जिथे जास्त माणसं टेकली तिथे नाना फक्कीचा डबा घेऊन जायचे आणि गोल काढायचे. वसाहतीची मोकळी जागा ती. प्लॉटवाल्यांनी मोकळी जागा म्हणून नाला, खदान, विजेच्या तारांखालचा पट्टा असं काहीही दाखवलेलं असलं तरी नानांचा अहवाल त्या गोलाचा.

हे सगळं त्यांना सुचलं कसं, ते एकदा नानींनी सांगितलं. नानी म्हणजे त्यांच्या बायको. लग्न होऊन त्या नव्याने धुळ्याला आल्या तेव्हा एका रविवारी नाना दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून त्यांच्याकडे बघत बसले. नानींना वाटलं, हा माणूस संशयी आहे, आपलं काही खरं नाही. संध्याकाळी नाना उठले, स्टो आणि ओट्यावरचं सगळं सामान समोरच्या भिंतीला नेऊन मांडलं आणि म्हणाले, तुझ्या पाठीवर ऊन येत होतं. नानी हे सांगताना हसत होत्या, पण डोळे पुसत होत्या.

भातुकली दर वेळी बरोबरच निघायची असं समजू नका. एकदा त्यांनी ती भर डिसेंबरात मांडली. त्या दिवशी अशी थंडी होती की सगळी माणसं सावली सोडून उघड्या माळावर उन्हाला जाऊन बसली. नानांनी तिथेच गोल काढला. ती मोकळी जागा आजही आहे. उन्हाळ्यात तिथे कुत्रंसुद्धा बसत नाही. पुढे कितीतरी वर्षं नाना त्या बाजूने सायकलने जाताना मान दुसरीकडे वळवायचे. त्यानंतर मात्र त्यांनी पाहणी फक्त उन्हाळ्यात ठेवली. अर्जदारांच्या फाइली महिनोन् महिने उन्हाची वाट बघत पडून राहायच्या आणि नगरसेवक मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने ओरडायचे. अखेर त्या ओरडण्यानेच नानांची बदली झाली. नंतर ते निवृत्त झाले, धुळ्याला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. ऑफिसात त्यांचं टेबल सरळ झालं ते कायमचं. आता नकाशे कॉम्प्युटरवर येतात, तपासणारा खुर्चीतून उठत नाही आणि खिशात कांदा तर नाहीच नाही. मला हे आवडत नाही. नव्या पोरांना मी तसं तोंडावर सांगतो आणि ती माझ्याकडे आम्ही नानांकडे बघायचो तशी बघतात.

नाना आठवले की मला हमखास आठवते ती एस. टी. कामगारांच्या सोसायटीची पाहणी, कारण त्यात माझ्या अक्काचा प्लॉट होता.

अक्का माझी थोरली बहीण. भाऊजी आगारात कंडक्टर. लग्न झाल्यापासून अक्का भाड्याच्या खोल्यांत राहत आली. कुठे पाणी संध्याकाळीच मिळणार, कुठे पाहुणे आले की घरमालकीण मोजायला येणार, कुठे पोरांनी अंगणात खेळायचं नाही. दर दोन-तीन वर्षांनी तिचा संसार हातगाडीवर चढायचा आणि मागे अक्का पाटा-वरवंट्यावर नजर ठेवून चालायची. आगारातल्या लोकांनी सोसायटी काढली, कर्ज मंजूर झालं आणि अक्काच्या नावावर प्लॉट लागला तेव्हा ती पेढे घेऊन माझ्याकडे आली. पेढा देऊन म्हणाली, आता एवढं तुझ्या नानाले सांग, आमचं लवकर कर म्हना. मी सांगितलं नाही. सांगून उपयोग नव्हता हे मला माहीत होतं.

वैशाखात पाहणी ठरली. भाऊजींची त्या दिवशी सुरतेची ड्यूटी होती, म्हणून अक्का एकटीच दोन पोरांना आणि माठाला घेऊन आली. जागा म्हणजे काळ्या मातीचं शेत. एका अंगाने नाला आणि दुसऱ्या अंगाला उंचवट्यावर एक मोठा कडुलिंब. त्या शेतात सावली म्हणून काय ती तेवढीच. वरच्या ओळीतले प्लॉट या कडुलिंबापासून निघून पार हमरस्त्यापर्यंत गेलेले. कडुलिंबाखालचा पहिला प्लॉट अक्काचा. रस्त्याच्या कोपऱ्यावरचा शेवटचा सोसायटीच्या चेअरमनचा. चेअरमन आगारात कंट्रोलर होते आणि त्या कोपऱ्यावर पुढे एखादं दुकान काढायचं त्यांच्या मनात होतं. नकाशात मोकळी जागा दाखवली होती खाली नाल्याच्या उतारात. मी टेपचं टोक धरून उभा होतो.

दहा वाजेपर्यंत लोक आपापल्या रेघांत बसले. अकरा वाजता पोरं कुरकुरायला लागली. नाल्याकडच्या मोकळ्या जागेत कुणी फिरकलंसुद्धा नाही. आणि इकडे माझी अक्का. तिच्या डोक्यावर सावली, समोर गार पाण्याचा माठ आणि पुढे उन्हात बसलेल्या बाया. तिला ते बघवेचना. तिने शेजारणीला हाक मारली, तिच्या पलीकडचीला मारली, मग मधल्या ओळीतल्या म्हाताऱ्या माणसांना पोरं पाठवून बोलावून घेतलं. चेअरमनच्या बायको कोपऱ्यावर एकट्या तापत बसल्या होत्या, त्यांनाही आणलं. बारा वाजता सगळी सोसायटी अक्काच्या प्लॉटात. डबे उघडले, ठेचा-भाकरी इकडून तिकडे गेली, आणि अक्का पेला विसळून विसळून सगळ्यांना पाणी देत होती. स्वतःच्या घरात पहिल्यांदाच एवढे पाहुणे आल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता.

नाना छत्री मिटत होते.

मी धावत गेलो आणि त्यांना सांगितलं की ती माझी बहीण आहे. ते म्हणाले, ठाऊक आहे, सकाळपासून बघतोय, नाक तुझंच आहे. मग डब्याचं झाकण उघडत म्हणाले, म्हणून झाड दुसरीकडे नेऊ का? आणि त्यांनी पाणी पिणाऱ्या माणसांभोवती फक्कीचा गोल काढला. लिंबालगतचा तिरपा तुकडा तसाही कुणाला दिलेला नव्हता. त्यात अक्काचा प्लॉट मिळवला की हवी तेवढी मोकळी जागा होत होती. नाल्याकडे कुणी घर बांधायचं नाही हे तर नानांच्या लेखी आधीच ठरलेलं होतं. म्हणजे अक्काला बदली प्लॉट तिकडेही नाही. एक प्लॉट कमी.

गोलाचा अर्थ लोकांना कळायला वेळ लागला नाही. मघापर्यंत बोलणारी माणसं डबे झाकू लागली. चेअरमन अक्काकडे न बघता म्हणाले, वहिनी, काळजी करू नका, सोसायटी दुसरी जागा घेईल तेव्हा पहिलं नाव तुमचं. ती दुसरी जागा कधी येणार नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. भाऊजी तिकडे सुरतेच्या वाटेवर होते आणि त्यांचं घर इथे फक्कीच्या गोलात गेलं होतं. मला नानांचा इतका राग आला की हातातला टेप फेकून द्यावासा वाटला.

अक्का पेला हातात धरूनच उभी राहिली. नानांना तिने शांतपणे विचारलं, "मी कुणाला सावलीत बोलावलंच नसतं, तर माझं घर राहिलं असतं का?"

नाना खोटं बोलू शकले असते. ते म्हणाले, "राहिलं असतं."

"मग माझंच चुकलं," असं म्हणून अक्काने पेला माठावर उपडा घातला.

नानांना मी असं कधी बघितलं नव्हतं. पंच्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, अक्काकडे बघितलं, गोलाकडे बघितलं. मग एकदम वळून त्यांनी हुकूम सोडला की वरच्या ओळीतल्या सगळ्यांनी आपापल्या घरात जाऊन उभं राहावं. भर उन्हात त्या ओळीतली अकरा बिऱ्हाडं आपापल्या रेघांमध्ये जाऊन उभी राहिली. अक्काला कुठे जायचंच नव्हतं, ती गोलातच पाठ फिरवून उभी राहिली.

नानांनी मधल्या एका कंडक्टरला विचारलं, तुमच्या गाडीत तिघांच्या बाकाजवळ चौथी बाई येऊन उभी राहिली तर तुम्ही काय करता? तो म्हणाला, सरका म्हणतो. नाना म्हणाले, मग सरका. अकरा जणांनी प्रत्येकी अडीच फूट सोडले की लिंबाच्या बाजूला एक प्लॉट निघतो. जन्मभर लोकांना सांगता, आज एकदा स्वतः करून दाखवा.

कुणी हललं नाही. हलणार तरी कसं? रस्त्याकडचा माणूस आखडल्याशिवाय बाकीच्यांना पुढे व्हायला वावच नव्हता. सगळ्यांनी माना वळवून कोपऱ्याकडे बघितलं. चेअरमनना ते कळलं. असं नियमात बसतं का, असं त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, "नियमात मी बसवतो. खिडकीत तुम्ही बसलाय, तुम्ही सरका."

चेअरमन जमिनीकडे बघत राहिले. अडीच फूट जमीन, पण रस्त्याच्या कोपऱ्यावरची. त्यांच्या मनात दुकानाचं शटर वरखाली होत असणार. मी त्यांनाही नावं ठेवत नाही. त्यांनीही पोटाला चिमटा काढूनच तो प्लॉट घेतला होता. ऊन मी म्हणत होतं. शेवटी त्यांच्या बायकोनेच तोंड उघडलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"मघापाईन तिचंच पानी पी राहिनूत ना आपन? सरका मंग."

आणि नवऱ्याची वाट न बघता त्यांनी स्वतःच चटई उचलली, शेजारची रेघ पायाने पुसली आणि चार पावलं रस्त्याकडे जाऊन उभ्या राहिल्या. चेअरमन आपल्या प्लॉटाच्या कडेला एकटेच उरले. मग तेही गेले. त्यांच्या जागेत शेजारचा ड्रायव्हर सरकला, त्याच्या जागेत त्याच्या पलीकडचा मेकॅनिक. एकेक बिऱ्हाड पोरंबाळं, डबे, चटया घेऊन पुढे होत गेलं. कुणी हसत, कुणी कपाळाला आठ्या घालून, कुणी बायकोच्या मागून. पायांनी फक्की उडत होती. मी टेप घेऊन मागोमाग पळत होतो आणि नाना वाकून वाकून नव्या रेघा मारत होते. शेवटचं बिऱ्हाड सरकलं आणि कडुलिंबाच्या गोलाला लागून एक पट्टी मोकळी झाली. इतरांइतकीच रुंद. पण तिच्यावर सावली नव्हती.

अक्का अजून पाठ फिरवूनच उभी होती. नाना डबा खाली ठेवून तिच्याजवळ गेले. एरवी ऑफिसात पुस्तकी मराठी बोलणारा तो माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, "ये माय. जागा व्हई गयी. आते बस."

अक्का आली. चटई घ्यायचंही तिला सुचलं नाही. तापलेल्या मातीवर तशीच मांडी घालून बसली आणि पदर डोळ्यांना लावून पोटभर रडली. मीही रडलो, मला त्याची लाज वाटली नाही. थोड्या वेळाने तिने पदर काढला. नव्या रेघेपलीकडे शेजारीण पोराला कडेवर घेऊन उभी होती. अक्काने तिच्याकडे बघितलं, अंग चोरून जरा बाजूला झाली आणि शेजारच्या मातीवर हात थोपटत म्हणाली, "ये वं बाई, अशी उन्हात काय उभी? बस आठे."